गळफांदी, फळफांदी आणि सरळसोट साग

श्रावणात नांदेड जिल्ह्यातल्या भोकर-हदगाव भागात कापसाच्या रानात शिरावे आणि गुडघ्याला लागणाऱ्या पऱ्हाटीजवळ उकिडवे बसावे. खोडाच्या खालच्या चार-पाच पेरांवरून निघालेल्या फांद्या खोडाला धरून वर झेपावतात. सरळ, जाडजूड, अंगाने खोडाच्या सख्ख्या भावासारख्या. पाने भरपूर, पाते म्हणजे फुलाची कळी एकही नाही. त्याच झाडाच्या वरच्या पेरांवरची फांदी मात्र आडवी पसरते आणि डोळे जवळ नेऊन पाहिले तर ती सरळ नसते. पेरापेराला थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे वळत ती नागमोडी गेलेली असते. प्रत्येक वळणावर एक पान आणि पानासमोर एक पाते. पहिलीला शेतकरी गळफांदी म्हणतात, दुसरीला फळफांदी.

सगळा फरक शेंड्याच्या वागण्याचा आहे. गळफांदीचा शेंडा पाने काढत पुढे जात राहतो, फुलाच्या फंदात पडत नाही. फळफांदीचा शेंडा एक पान काढतो आणि स्वतःच पाते होऊन बसतो. शेंडा फुलात संपला, आता पुढे कोण जाणार? त्या पानाच्या बगलेतला डोळा जागा होतो, पेरभर पुढे जातो, एक पान काढतो आणि त्याचेही पाते होते. मग तिसरा डोळा. म्हणजे दिसायला एक असलेली फळफांदी खरे तर एकापुढे एक जोडलेल्या आखूड फांद्यांची माळ असते, आणि प्रत्येक जोडावर दिशा किंचित बदलते म्हणून ती नागमोडी दिसते. वनस्पतिशास्त्र पहिल्या रीतीला मोनोपोडियल म्हणते, दुसरीला सिम्पोडियल. फुलोऱ्यांच्या बाबतीत याच भेदासाठी मराठी पाठ्यपुस्तकांनी अकुंठित आणि कुंठित हे शब्द रुळवले आहेत. शब्द देखणे आहेत, पण कुंठित म्हटले की वाढ खुंटली असे वाटते, आणि बोंडांनी लगडलेल्या फांदीला ते विशेषण लावताना जीभ अडखळते. रानातली जोडी जास्त रोखठोक आहे. शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार ते ती नावातच सांगून टाकते.

या लेखाचा विषय आहे पहिली रीत: एकच मुख्य खोड, त्याचा न थांबणारा शेंडा आणि अंगाला फुटलेल्या आडफांद्या. विषय झाडांचा असताना सुरुवात हातभर पऱ्हाटीने केली, कारण दोन्ही रीती एकाच रोपावर शेजारी शेजारी दाखवणारे इतके सोयीचे उदाहरण नांदेड-लातूरकडे दुसरे नाही. शिवाय इथल्या शेतकऱ्याला हा भेद पाठ करावा लागत नाही. तो त्यावर कात्री चालवतो. परभणी जिल्ह्यातले शेतकरी दादा लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे कापूस लागवडीचे तंत्र याच भेदावर उभे आहे. झाडे दाट लावायची, पीक साधारण दीड महिन्याचे झाले की बुडाच्या गळफांद्या काढून टाकायच्या आणि पुढे महिनाभराने मुख्य शेंडा खुडायचा. गळफांदीने खाल्ले असते ते अन्न बोंडांकडे वळावे, हा हिशेब. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८०च्या दशकात दिलेले एनएचएच-४४ हे संकरित वाण मराठवाड्याच्या कोरडवाहू रानांत घरोघरी पोचले होते. त्या पिढीतल्या शेतकऱ्यांना पऱ्हाटीची ठेवण नजरेनेच कळते.

आता बांधावरून मान वर करून झाडांकडे पाहावे.

शाळा, तहसील, मंगल कार्यालय, दवाखाना, कुठल्याही आवाराच्या भिंतीला लागून उभा असलेला अशोक (सीतेचा तो खरा अशोक वेगळा, हा त्याचे नाव लावून फिरणारा) हा एकखोडी वाढीचा शाळकरी नमुना आहे. बुडापासून टोकापर्यंत एकच खोड, आणि लोंबत्या जातीत तर आडफांद्या अंगाला अशा चिकटलेल्या की झाड म्हणजे हिरवी लांब टोपी. त्याच आवारात देवळाशेजारी देवचाफा असतो. चाफ्याची फांदी टोकाला फुलोरा देते आणि तिथेच थांबते. मग फुलोऱ्याखालचे दोन-तीन डोळे एकदम फुटतात. वर्षानुवर्षे हेच चालते आणि झाडभर बेचकीच बेचकी होते. पानगळीत चाफा पाहिला तर त्याच्यात मुख्य खोड कुठले, हे शोधूनही सापडत नाही. अशोकाच्या बाबतीत हा प्रश्न कुणाला पडतही नाही.

अर्धापूरची केळ तर या हिशेबात फसवीच आहे. तिचे जे खोड म्हणून दिसते ती एकात एक गुंडाळलेली पानांची बुडे असतात. खरे खोड जमिनीत, कंदाच्या रूपात. त्याचा शेंडा एकदाच वर येतो, घड होऊन बाहेर पडतो, आणि त्या खोडाचे आयुष्य संपते. पुढचा कारभार बुडाशी फुटलेला मुनवा पाहतो. फळफांदीची गोष्टच, फक्त जमिनीखाली आणि मोठ्या मापाने.

शेंडा जिवंत असेपर्यंत खालचे डोळे गप्प का बसतात, याचे उत्तर शोधायला शास्त्राला बराच वेळ लागला. लातूरकडच्या ऊसवाल्याला मात्र ते निम्मे ठाऊक असते. बेण्याचा ऊस अख्खाच्या अख्खा सरीत पुरला तर शेंड्याकडचे डोळे जोमाने फुटतात आणि बुडाकडचे बरेचसे मुके राहतात. म्हणून दोन-तीन डोळ्यांची टिपरी करायची. प्रत्येक टिपरी शेंड्याच्या धाकातून सुटते. उभ्या उसाला तुरा आला किंवा किडीने पोंगा मारला की अंगावरचे डोळे फुटून पांगशा निघतात, तेही त्याच कारणाने. वर कुणी धनी उरला नाही, हे खालच्यांना कळते.

कळते कसे? १८८० साली चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी दाखवले की गवताच्या कोवळ्या कोंबात प्रकाश ओळखतो तो शेंडा, पण वाकते ते खालचे अंग. म्हणजे शेंड्याकडून खाली काहीतरी निरोप जातो. पुढे १९२०च्या दशकात फ्रिट्स वेंट यांनी तो निरोप अगर-अगरच्या तुकड्यात झिरपवून पकडला. ते ऑक्सिन. १९३०च्या दशकात केनेथ थिमन आणि फोके स्कूग यांनी शेंगवर्गातल्या एका रोपाचा शेंडा कापला आणि कापलेल्या जागी ऑक्सिन लावले. शेंडा नसतानाही बगलेतले डोळे झोपूनच राहिले. धाक शेंड्याचा नव्हता, त्याच्याकडून पाझरणाऱ्या रसायनाचा होता.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण ऑक्सिन स्वतः त्या डोळ्यात शिरतच नाही. मग ते कुणाकरवी धाक घालते? या प्रश्नाच्या उत्तरातला एक मोठा तुकडा ज्वारीच्या एका शत्रूकडून आला, आणि तो शत्रू या भागातल्या शेतकऱ्याच्या चांगला ओळखीचा आहे. टारफुला. ज्वारी-उसाच्या मुळांवर जगणारे हे चिमुकले तण. त्याचे बी धुळीसारखे बारीक असते आणि वर्षानुवर्षे मातीत पडून राहते. यजमानाचे मूळ जवळ आल्याची रासायनिक खूण मिळाल्याखेरीज ते सहसा उगवत नाही. ही खूण १९६६ साली अमेरिकेत वेगळी काढली गेली. तिला टारफुल्याच्या शास्त्रीय नावावरून स्ट्रायगॉल म्हटले गेले. मजा अशी की ती मिळाली ती कापसाच्या मुळांच्या पाझरातून. कापसावर टारफुला जगू शकत नाही. त्याच्या खुणेने बी उगवते आणि आधार न मिळाल्याने मरते.

चाळीस वर्षे ही वस्तू तणाची भानगड म्हणूनच ओळखली गेली. २००५ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले की मुळांना स्फुरद मिळवून देणाऱ्या उपकारक बुरशीला झाड याच रसायनाने हाक मारते, टारफुला फक्त ती हाक चोरून ऐकतो. आणि २००८ साली फ्रान्समधल्या व जपानमधल्या दोन गटांनी एकाच वेळी जाहीर केले की याच कुळातली रसायने झाडाच्या आत फांद्या दाबण्याचे काम करतात. ऑक्सिनचा धाक पोचवणाऱ्यांपैकी एक हेच. जमिनीत स्फुरद कमी असले की झाड हे रसायन जास्त बनवते. खाली बुरशीला जास्त हाका जातात, वर फांद्या कमी फुटतात. हलक्या माळावरचे रोप उगाच पसारा मांडत नाही, त्यामागे हाही एक हिशेब असतो. डोळे गप्प राहण्या-फुटण्यात साखरेचाही वाटा आहे. २०१४ साली मटारावर झालेल्या प्रयोगात दिसले की शेंडा खुडताच खालच्या डोळ्यांकडे साखर धावते, आणि ऑक्सिनची पातळी तिथे उतरण्याआधीच डोळा हलू लागतो.

इतकी रसायने एका डोळ्याभोवती पहारा देतात, आणि तूरवाल्याच्या हातातली साधी विळी तो पहारा क्षणात उठवते. लातूर-उदगीर हा तुरीचा आणि डाळ गिरण्यांचा पट्टा. तूर दीड महिन्याची झाली की शेंडे खुडायचे, आणखी काही दिवसांनी जमल्यास पुन्हा एकदा. पूर्वी बायांच्या टोळ्या विळ्यांनी खुडत. आता पाठीवर बॅटरी आणि दांड्याच्या टोकाला गरगरणारी पात असलेले यंत्र घेऊन एक माणूस सरीतून चालत जातो. मागे कोवळ्या शेंड्यांचा सडा. आठवड्याभरात प्रत्येक ताटाच्या बगला फुटलेल्या दिसतात, आणि जे एकच ताट होणार होते त्याचे झुडूप होते. तुरीला सरळसोट वाढू देणे तोट्याचे. सागाला पसरू देणे तोट्याचे. तत्त्व एकच, पण माणसाला एकीकडून शेंगा हव्या असतात आणि दुसरीकडून खांब.

सागासाठी किनवटला जावे लागते. लातूर जिल्ह्याच्या क्षेत्रात जंगल एक टक्काही नाही. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला मात्र किनवट-माहूरच्या डोंगरांत, पैनगंगेच्या काठाने, मराठवाड्यातले सागवान तग धरून आहे. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि जंगल आजही त्या बाजूच्या जंगलाचेच सख्खे आहे. तिथे पावसाळ्याच्या तोंडी रोपवाटिकेतून मिळते ती सागजडी: बोटाएवढी जाड मुळी आणि वर दोन-तीन सेंटीमीटरचा खोडाचा थुटका. पान नाही, फांदी नाही, हातात घेतली तर वाळलेले गाजर वाटावे. पहारीने भोक पाडून ती पुरतात. पाऊस धरला की थुटक्याच्या कडेने दोन-चार धुमारे निघतात, त्यातला सगळ्यात ठसठशीत ठेवायचा आणि बाकीचे मोडायचे. जडीचा मूळ शेंडा कधीच कापला गेलेला असतो. जो पुढे चाळीस-पन्नास वर्षे मुख्य खोड म्हणून मिरवणार, तो मुळात बगलेतून निघालेला फुटवा असतो. थोरल्या पातीचा मान असा धाकट्याकडे जातो, आणि चार वर्षांनी झाड पाहून कुणाला शंकाही येत नाही.

कोवळ्या सागाचे खोड हातात धरून पाहण्यासारखे असते. ते गोल नसते, चौकोनी असते, बाजूंना पन्हळ असलेले. पाने समोरासमोर जोडीने, आणि प्रत्येक जोडी आधीच्या जोडीशी काटकोनात. पानांच्या बगलांत डोळे ठेवलेले. कोवळे पान चुरगाळले की बोटे लाल होतात, किनवटकडच्या पोरांची ही जुनी मेंदी. या वयात शेंडा भरधाव असतो. दाट जंगलात शेजाऱ्यांची सावली बाजूंनी दाबते, खालच्या आडफांद्या उपाशी राहून वाळतात, गळतात, आणि खोड साफ होत जाते. तोच साग शेताच्या बांधावर एकटा लावला तर चहूबाजूंनी ऊन मिळते, आडफांद्या जगतात, जाडजूड होतात, आणि खोडात गाठी राहतात. फळीतली गाठ म्हणजे दुसरे काही नसते. ते खोडाने वाढता वाढता गिळलेल्या आडफांदीचे बूड असते.

इथे एक गैरसमज इतका पक्का आहे की त्याच्यासाठी थांबायला हवे. झाड वाढले की फांदीही वर सरकते, असे शिकलेली माणसेसुद्धा धरून चालतात. फांदी सरकत नाही. उंची फक्त शेंड्यावर वाढते. खालचे खोड नंतर नुसते जाड होत जाते, सालीखालच्या एका पातळ थरातून. बांधावरच्या लिंबाला कुंपणाची तार ठोकलेली असेल तर वीस वर्षांनी ती लाकडात गडप झालेली दिसेल, पण जमिनीपासून तिथेच, जिथे ठोकली होती. लहानपणी ज्या फांदीला झोका बांधला ती आज उंच वाटत असेल तर तो आठवणीचा दोष आहे, किंवा ती फांदी दुसरीच आहे.

सागाच्या सरळपणाला एक शत्रू त्याच्या पोटातच असतो. पावसाळ्यात सागाला जो मोठा पांढरट तुरा येतो तो शेंड्यावर येतो. मुख्य शेंड्याला तुरा आला की तो शेंडा संपला. खालच्या जोडीच्या बगलांतले दोन डोळे फुटतात आणि खोडाला बेचके पडते. म्हणून लाकडासाठी साग लावणाऱ्याला उशिरा फुलणारे झाड हवे असते. पहिला तुरा जितका उशिरा, तितके पहिल्या बेचक्यापर्यंतचे खोड लांब. म्हणजे अशोक आणि चाफा ही दोन टोके झाली. साग तरुणपणी अशोकासारखा वागतो आणि पिकल्यावर चाफ्याच्या वळणावर जातो. निसर्गातली बहुतेक झाडे अशी अधली-मधली आहेत, आणि हा विषय गमतीचा होतो तो इथेच.

सरळ खोडाची किंमत मराठवाड्याच्या माळवदांनी ओळखली होती. दगडमातीच्या रुंद भिंती, आत लाकडी खांब-तुळयांचे खण आणि वर मातीचे जड छत, ही या भागातली जुनी घरबांधणी. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा हजारोंचा जीव घेतला तो मुख्यतः या भिंतींच्या दगडांनी आणि छतांच्या मातीने. अनेक ठिकाणी भिंती ढासळून गेल्या आणि लाकडी सांगाडा तेवढा उभा राहिलेला दिसला. वाकड्या लाकडालाही गावगाड्यात तितकाच मान होता. नांगरासाठी सुतार बाभळी पाहत फिरे ते नेमके बाक असलेले खोड शोधत. जिथे फांदी खोडाला मिळते तिथे लाकडाचे तंतू वळणाबरोबर वळलेले असतात, आणि असा नैसर्गिक बाक जोडकामापेक्षा टिकतो. बाभूळ सरळ वाढत नाही याबद्दल तिला कुणी बोल लावला नाही.

बांबूचे प्रकरण वेगळेच. लातूर जिल्ह्यातल्या लोदग्याहून पाशा पटेल यांनी बांबू लागवडीचा जो प्रचार चालवला आहे, त्यामुळे तो आता या भागात चर्चेचा विषय झाला आहे. बांबूची काठी जमिनीतून बाहेर येते तीच आपल्या पूर्ण जाडीने. नंतर ती फक्त उंच होते, जाड कधीच होत नाही. आणि मोनोपोडियल-सिम्पोडियल ही जोडी बांबूवाले वापरतात ती काठीसाठी नव्हे, जमिनीखालच्या कंदासाठी. किनवटकडच्या माणवेलीसारखे बेट करून राहणारे बांबू दुसऱ्या प्रकारातले, जमिनीखालून दूरवर धावत सुटणारे बांबू पहिल्या.

झाडांच्या या ठेवणींची नीट मोजदाद जगात फार जुनी नाही. फ्रान्सिस हाले आणि रोलॉफ ओल्डमन यांनी १९७० साली उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या रचनेवर फ्रेंचमध्ये पुस्तक लिहिले आणि १९७८ साली फिलिप टॉमलिन्सन यांच्यासह ते इंग्रजीत वाढवून आणले. जंगलात दिसणारी हजारो रूपे त्यांनी २३ नमुन्यांत बसवली आणि प्रत्येक नमुन्याला एकेका वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव दिले. शाळेच्या मैदानावरचा देशी बदाम त्यांच्या ओब्रेव्हिल नमुन्यात येतो. त्याचे खोड सरळसोट, पण मजल्या-मजल्याने पसरलेल्या आडफांद्या लहान लहान तुकड्यांच्या जोडण्या असतात. प्रत्येक तुकडा टोकाशी वर वळून पानांचा गुच्छ धरतो आणि पुढचा तुकडा त्याच्या खालून निघतो. खोडाची चाल एक, फांदीची दुसरी. पऱ्हाटीचीच तऱ्हा, फक्त झाडाच्या मापाने. गुलमोहर ट्रोल नमुन्यात, देवचाफा लेउवेनबर्गमध्ये. नावे परकी आणि उच्चाराला जड आहेत, झाडे मात्र रोज शाळेत जाताना दिसणारी.

मराठवाड्यापुरते पाहायचे तर व्ही. एन. नाईक यांच्या १९७९च्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतिकोशात लातूरचाही भाग आला, कारण लातूर जिल्हा वेगळा झाला तो १९८२ साली. त्यांचा संपूर्ण मराठवाड्याचा कोश १९९८चा. पान, फूल, फळ यांवरून झाड ओळखायला असे कोश लागतातच. झाडाची चाल ओळखायला मात्र पाने गळलेला फाल्गुन आणि रिकामा अर्धा तास पुरतो. काटेसावरीचे काटेरी खोड आणि त्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या फांद्या तेव्हाच दिसतात, आणि रस्त्याकडेच्या तारांखाली शेंडा छाटलेल्या अशोकाची तीन-तीन टोके एकमेकांशी चढाओढ करताना तेव्हाच मोजता येतात.

फाल्गुनापर्यंत पऱ्हाट्याही उपटून बांधावर ढीग लागलेले असतात. पाने झडलेली, रिकाम्या बोंडांची कवचे टोचणारी. चुलीसाठी मोळी बांधायला आलेली बाई एकेक पऱ्हाटी गुडघ्यावर घेते. नागमोडी फळफांद्या तिच्या हातानेच कडाकड मोडत जातात. मधले खोड आणि बुडाची एखादी चुकून राहिलेली गळफांदी यांच्यासाठी ती कोयता उचलते.